पाठिंब्याच्या गर्दीचा हिशेब

सरकारविरुद्ध मोर्चा निघाला की त्यामागचे कारण सहसा कुणी खोदून विचारत नाही. भाव वाढले, मजुरी थकली, पाण्याचा टँकर आला नाही, म्हणून माणसे रस्त्यावर आली हे आपल्याला लगेच पटते. सरकारच्या बाजूने गर्दी जमली की मात्र दोनच उत्तरे ऐकू येतात. समर्थक म्हणतात, लोक प्रेमापोटी आले. विरोधक म्हणतात, लोकांना पैसे देऊन आणले. 2024 मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा 1500 रुपये बायकांच्या खात्यांत जमा होऊ लागले आणि ठिकठिकाणी मेळावे झाले, तेव्हाही चर्चा याच दोन उत्तरांभोवती फिरत राहिली. मी 1979 मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरीला लागलो, त्यातला निम्मा काळ ग्रामीण शाखांत काढला आणि 2017 मध्ये निवृत्त झालो. एवढ्या काळात ‘लाभार्थी’ म्हटल्या जाणाऱ्या माणसांना मी जितके जवळून पाहिले, त्यावरून ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात आणि त्या माणसांवर अन्याय करणारीही वाटतात.

गरीब माणूस सभेला जातो तेव्हा हिशेब करूनच जातो. दिवसाची मजुरी बुडणार असते, जनावरांच्या वैरणपाण्याची सोय लावायची असते, लहान मूल कुणाकडे तरी ठेवायचे असते. इतके करूनही तो जातो, याचा अर्थ बुडणाऱ्या मजुरीपेक्षा मोठे असे काही तरी त्याला समोर दिसत असते. ते मिळण्याची आशा असते, किंवा असलेले हातचे जाण्याची भीती असते. आशेने आलेली गर्दी आणि भीतीने आलेली गर्दी छायाचित्रात सारखीच दिसते, आणि म्हणून पाठिंब्याच्या सभांचे फोटो पाहून काही ठरवू नये असे माझे मत आहे.

आशेच्या गर्दीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणून मला 1969 चा जुलै महिना आठवतो. 19 जुलैला शनिवार होता. त्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी आकाशवाणीवरून देशातील 14 मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण केल्याचे जाहीर केले. ज्यांच्या ठेवी 50 कोटी रुपयांहून अधिक होत्या अशा या बँका होत्या, आणि त्यांत पुण्यात 1935 मध्ये स्थापन झालेली आपली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. तीनच दिवस आधी मोरारजी देसाई यांच्याकडून अर्थखाते काढून घेण्यात आले होते, काँग्रेस पक्ष फुटीच्या उंबरठ्यावर होता आणि वटहुकमावर सही करणारे हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी दुसऱ्याच दिवशी राजीनामा देऊन राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उतरणार होते. या निर्णयामागे पक्षातली सत्तास्पर्धा होती, यात मला तरी शंका नाही.

पण पुढच्या काही दिवसांत दिल्लीत पंतप्रधानांच्या निवासस्थानासमोर जे लोक येत राहिले, त्यांना त्या सत्तास्पर्धेशी फारसे कर्तव्य नव्हते. त्यांत टॅक्सीवाले होते, रिक्षावाले होते, छोटे दुकानदार होते, चपराशी आणि कारकून होते. त्यांच्यातल्या कित्येकांनी बँकेची पायरीसुद्धा कधी चढलेली नसेल. ज्याचे बँकेत खातेच नाही त्याने बँका सरकारच्या झाल्या म्हणून आनंद का मानावा, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आणि ही गर्दी मुद्दाम जमवलेली आहे असा आरोपही झाला. काही प्रमाणात ती जमवलेलीही असेल, कारण पक्षाचे कार्यकर्ते अशा वेळी स्वस्थ बसत नाहीत. पण खाते नसणे हेच त्या आनंदाचे कारण होते, हे आरोप करणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही.

त्या वेळची परिस्थिती नीट पाहिली तर ते उमजते. बँकांनी दिलेल्या एकूण कर्जांपैकी शेतीच्या वाट्याला सुमारे दोन टक्के येत आणि उद्योगांकडे साठ टक्क्यांहून अधिक जात. देशात सुमारे 8200 शाखा होत्या, म्हणजे सरासरी 65 हजार माणसांमागे एक, आणि त्यांतल्या ग्रामीण भागात दोन हजारही नव्हत्या. ठेव ठेवणाऱ्यालाही भरवसा नव्हता. 1960 मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्याकडची अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली होती. त्यानंतर 1962 पासून ठेव विमा आला खरा, पण सुरुवातीला तो एका ठेवीदाराला 1500 रुपयांपुरताच होता. त्यात 1965 आणि 1966 अशी लागोपाठ दोन वर्षे दुष्काळ पडला होता, 1966 च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले होते आणि धान्याचे भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले होते. अशा वेळी ‘बँका आता तुमच्या’ असे कुणी सांगितले, तर ज्याला आजवर कुणीच दारात उभे केले नव्हते तो माणूस ते ऐकण्यासाठी दारात जाणारच.

माझे मामा त्या काळी मुंबईत दुसऱ्याची टॅक्सी चालवत असत. रोज मालकाला ठरलेली रक्कम द्यायची, पेट्रोल आपले आपण भरायचे आणि उरेल ते घरी न्यायचे, असा तो व्यवहार होता. स्वतःची गाडी घ्यायची तर खासगी फायनान्सवाल्याकडे जावे लागे. त्याचे व्याज ऐकले की मामा ‘हे तर पठाणी व्याज’ असे म्हणून तो विषय बंद करीत. बँकेत गेले तर तारण काय आणि जामीन कोण, हे दोन प्रश्न आधी येत. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांसह राहणाऱ्याकडे दोन्हींची उत्तरे नव्हती. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. सुट्टीत मामांकडे गेलो की रात्री ते गाडी पुसत असताना पाण्याची बादली धरण्याचे काम माझ्याकडे असे. गाडीच्या पुढच्या काचेवरून फडके फिरवताना ते एकदा म्हणाले होते, “ही काच माझी झाली की सोन्यासारखी ठेवीन.” 1973 मध्ये त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळाले आणि गाडी झाली. मामा आयुष्यात कधी कुठल्या पक्षाच्या सभेला गेले नाहीत, पण जुलै 1969 मध्ये दिल्लीत असते तर ते त्या घरासमोर नक्की गेले असते, असे मला अजूनही वाटते.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळता येत नाही. निर्णयाचा फायदा गर्दीत गेलेल्यालाही मिळणार आणि घरी बसलेल्यालाही मिळणार, तर मग दिवसाची कमाई सोडून जायचे कशाला? शुद्ध स्वार्थ पाहणारा माणूस घरीच बसेल. माझ्या मते 1969 च्या गर्दीला दोन गोष्टींनी बाहेर काढले. एक म्हणजे निर्णय अजून पक्का झालेला नव्हता. राष्ट्रीयीकरण झालेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे एक संचालक रुस्तम कूपर लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले होते, पक्षातले ज्येष्ठ नेते नाराज होते आणि हातात आलेले निसटू शकते ही जाणीव लोकांना होती. पुढे 10 फेब्रुवारी 1970 रोजी न्यायालयाने तो कायदा रद्द केलाही, आणि चारच दिवसांत सरकारला नवा वटहुकूम काढावा लागला. दुसरी गोष्ट म्हणजे जाण्याचा खर्च ज्याचा त्याने सोसला. टॅक्सीवाला स्वतःच्या पेट्रोलने आला, आपला धंदा थोडा वेळ बंद ठेवून आला आणि मनाला येईल तेव्हा परत गेला. स्वतःच्या खिशाला तोशीस लावून आलेल्या माणसाचा पाठिंबा मी खरा मानतो, मग त्याच्या मनात कर्जाची आशा का असेना. स्वतःचे आणि आपल्यासारख्यांचे भले व्हावे म्हणून एखाद्या निर्णयाच्या पाठीशी उभे राहणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. कारखानदारही अर्थसंकल्पाचे स्वागत याच कारणाने करतात, आणि त्यांच्या स्वागताला कुणी ‘विकत घेतलेले’ म्हणत नाही.

सहा वर्षांनी त्याच घरासमोर पुन्हा गर्दी जमली, पण मधल्या काळात सगळे पालटले होते. 1971 ची निवडणूक ‘गरिबी हटाव’च्या घोषणेवर जिंकली गेली. त्यानंतर 1972 चा दुष्काळ आला, 1973 मध्ये तेलाचे भाव भडकले, 1974 मध्ये महागाईचा दर वीस टक्क्यांच्या वर गेला आणि त्याच वर्षी मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या मागे लाटणी घेऊन निघालेल्या बायका घरातल्या रिकाम्या डब्यांचाच हिशेब मागत होत्या. अशा वातावरणात 12 जून 1975 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधानांची निवड रद्द ठरवली आणि त्यानंतरच्या दिवसांत दिल्लीत पाठिंब्याच्या सभा सुरू झाल्या. 20 जूनला बोट क्लबवर मोठी सभा झाली. या वेळी माणसे आणण्यासाठी दिल्ली परिवहन महामंडळाच्या बसगाड्या लावाव्या लागल्या. आणीबाणी उठल्यावर नेमलेल्या शहा आयोगाने या बसगाड्यांच्या वापराचीही चौकशी केली. आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती जे. सी. शहा म्हणजे बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात 1970 मध्ये बहुमताचा निकाल लिहिणारे तेच न्यायाधीश. आशेच्या गर्दीला जन्म देणारा कायदा आणि बसमधून आणलेली गर्दी, दोन्ही एकाच माणसाच्या समोर कागदपत्रांच्या रूपाने आली, याचे मला फार वाटत आले आहे.

बसच्या खर्चाची बाब वरवर किरकोळ दिसते, पण माझ्या दृष्टीने सगळे तिथेच ठरते. माणसाला आणण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून किंवा सरकारच्या दबावाखालच्या संस्थेकडून होऊ लागला की त्याच्या येण्यातून त्याच्या मनाचा पत्ता लागत नाही. आणि ज्याची रोजीरोटी सरकारी शिक्क्यावर चालते, मग तो सरकारी नोकर असो, परवानाधारक असो, मानधनावर काम करणारी सेविका असो की अनुदानाची वाट पाहणारा शेतकरी, त्याला ‘या’ म्हणून निरोप आला तर तो निरोप त्याच्या कानावर विनंती म्हणून पडत नाही. धमकी कुणी दिलेली नसते, देण्याची गरजच नसते. यादी करणारा माणूस आणि बोलावणारा माणूस एकच आहे, एवढे पुरेसे असते.

जिथे लाभ कायद्याने मिळतो तिथे काय होते, तेही आपण महाराष्ट्रात पाहिले आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आलेली रोजगार हमी योजना 1977 च्या कायद्याने हक्क बनली आणि 26 जानेवारी 1979 पासून तो कायदा लागू झाला. त्यानंतर त्या योजनेवरचे मजूर एकत्र आले ते मुख्यत्वे काम मागायला, थकलेली मजुरी मागायला, कामावर पाण्याची आणि पाळण्याची सोय करा म्हणून तहसीलवर धडकायला. आभार मानण्यासाठी त्यांना मंडपात आणण्याचे कारण उरले नाही. हक्काच्या मागे मोर्चा उभा राहतो आणि मेहरबानीच्या मागे मेळावा, असे मी त्या काळात सहकाऱ्यांशी बोलताना म्हणत असे, आणि माझे ते मत अजून बदललेले नाही.

राष्ट्रीयीकरणाने दिलेले वचन पोकळ निघाले असे मात्र मी म्हणणार नाही. 1991 पर्यंत ग्रामीण शाखा 35 हजारांवर गेल्या आणि एका शाखेमागची लोकसंख्या 65 हजारांवरून 14 हजारांच्या आसपास आली. 1972 मध्ये अगदी गरिबांसाठी चार टक्के व्याजाची योजना आली. माझी पहिली ग्रामीण शाखा ज्या गावात होती तिथे आमच्या आधी सावकाराशिवाय कर्ज देणारे कुणी नव्हते, आणि आम्ही गेल्यावर त्याच्या वहीतली काही नावे तरी कमी झाली. म्हणूनच पुढे जे झाले त्याचा मला त्रास होतो. ज्या कर्जासाठी 1969 मध्ये माणसे आपणहून आली होती, तेच कर्ज ऐंशीच्या दशकात माणसे आणण्याचे साधन झाले.

तेव्हा केंद्रीय अर्थ मंत्रालयातले मंत्री जनार्दन पुजारी यांच्या नावाने ओळखले जाणारे कर्जमेळावे देशभर भरत होते. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात दर वर्षी प्रत्येक तालुक्यातील सुमारे 600 कुटुंबांना कर्ज आणि अनुदान द्यायचे, असे उद्दिष्ट होते. मी मराठवाड्यातल्या एका शाखेत शेती अधिकारी होतो. 1985 च्या हिवाळ्यात वरच्या कार्यालयातून निरोप आला की अमुक तारखेला जिल्ह्याच्या ठिकाणी मेळावा आहे, तुमच्या शाखेने चाळीस लाभार्थी घेऊन यावे, त्यांना मंचावर कर्जमंजुरीची पत्रे दिली जातील. अडचण अशी होती की आमच्या शाखेने त्या चाळीस जणांना पत्रे आधीच दिलेली होती. त्यावरही वरून तोडगा आला. पत्रे परत गोळा करा, गठ्ठा करून मंचावर द्या, तिथून ती पुन्हा वाटली जातील.

कापूस वेचणीचे दिवस होते. मी मोटारसायकलवरून चार गावे फिरलो आणि पत्रे मागितली. पुरुषांनी फार न बोलता दिली. एका गावी एक भूमिहीन विधवा बाई होती, तिला म्हशीसाठी कर्ज मंजूर झाले होते. एक तृतीयांश अनुदान आणि बाकी कर्ज, असा तो हिशेब होता. तिने पत्र चार घड्या घालून लुगड्याच्या कनवटीला खोचून ठेवले होते. ते काढून दाखवले, पण हातात दिले नाही. “एकदा दिलेला कागद माघारी का घेता, साहेब? उद्या न्हाई दिला तर मी कुणाला इचारू?” मी समजूत घातली, मंत्रिमहोदय येणार आहेत म्हणून सांगितले, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आले की मी जे सांगतो आहे त्यातल्या एकाही गोष्टीशी तिच्या म्हशीचा संबंध नाही. कागद तिच्याकडेच राहू दिला. मेळाव्याला मात्र ती आली. न आले तर म्हशीचे काही बिघडेल का, असे तिने मला विचारले नव्हते, पण शेजारच्या बाईला विचारताना मी ऐकले होते.

दोन ट्रकमधून आम्ही चाळीस जण सकाळी आठला निघालो. मंडपात प्रत्येकाच्या छातीवर क्रमांकाची चिठ्ठी टाचली. कार्यक्रम दुपारी दोनला सुरू झाला. भाषणांत सरकार गरिबांचे आहे, आणि या मैदानावर जमलेला जनसमुदाय हा त्याचा पुरावा आहे, असे पुन्हा पुन्हा सांगितले गेले. तो जनसमुदाय माझ्यासारख्या कितीतरी शेती अधिकाऱ्यांनी यादीवर खुणा करून मोजून आणला होता, आणि वक्ते पुरावा म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवत होते त्यांत माझीही चाळीस माणसे होती. बाईचे नाव पुकारले तेव्हा गठ्ठ्यात तिचे पत्र नव्हते, म्हणून कुणी तरी प्रसंगावधान राखून तिच्या हातात बंद पाकीट दिले. फोटो निघाला.

परतताना रात्र झाली. ट्रकच्या हौद्यात बसून तिने ते पाकीट फोडले, आत बोटे घालून पाहिली आणि मला म्हणाली, “ह्यात तर काहीच न्हाई.” खरा कागद तुमच्याकडेच आहे, असे मी सांगितल्यावर तिने कनवटी चाचपून पाहिली. मग विचारले, “म्हशीचं कवा व्हईल?” अनुदानाची रक्कम शाखेत अजून जमा झालेली नव्हती, म्हणून मला तारीख सांगता आली नाही. आजच्या वेचणीचे काय, हेही तिने विचारले. त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि ट्रकमधल्या कुणाकडेही नव्हते.

म्हैस फेब्रुवारीत मिळाली. आठवडी बाजारात पशुवैद्यक, ग्रामसेवक आणि मी असे खरेदीसाठी उभे होतो. तिने पाच म्हशी नाकारल्या, सहावीचे दात पाहिले, कास चाचपली, धार काढून दाखवायला लावली आणि भाव पाडण्यासाठी व्यापाऱ्याशी दीड तास हुज्जत घातली. सौदा ठरला, म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला मारला, दोर तिच्या हातात आला. तेव्हा तिने कनवटीचा कागद काढला, त्याच्या घड्या उलगडल्या आणि माझ्यापुढे धरला. “आता घ्या,” म्हणाली.